तळमजल्याची फरशी पुन्हा पुन्हा खचते? फोडण्याआधी हे तपासा

जुन्या घराच्या तळमजल्याची फरशी खचली की पहिला फोन फरशीवाल्याला जातो. तो खचलेल्या फरश्या उचलतो, खाली चार घमेली वाळू-सिमेंट पसरतो, पातळी मिळवून देतो आणि पैसे घेऊन जातो. पुढचा पावसाळा सरला की तोच कोपरा पुन्हा खाली. माझ्याकडे येणारी बहुतेक कामं अशी एक-दोनदा कोणीतरी करून झालेलीच असतात. पेठांतले वाडे, वाई-साताऱ्याकडची दगडी जोत्याची घरं, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच भार असलेले बंगले, सगळीकडे गोष्ट तीच.

एक रचना आधी समजून घ्या. या घरांत भिंतीचा पाया खाली कठीण मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेलेला असतो. दोन भिंतींच्या मधे जोत्याच्या उंचीइतका भराव टाकलेला असतो आणि फरशी त्या भरावावर नुसती टेकलेली असते, भिंतीला बांधलेली नसते. म्हणून भराव बसला की फरशी बसते आणि भिंती जागच्या जागी राहतात. यात दिलासा एवढाच, की फरशी खचली म्हणजे घर खचलं असं सहसा नसतं. आणि तापही तोच: फरशी कितीही भारी बसवा, खालची माती हलत असेल तर ती तिच्याबरोबर जाणारच.

लक्षणं

फरशी पुसताना पाणी मोरीकडे न जाता खोलीच्या मधे थांबतं. टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी ठेवावी लागते. गोदरेजचं कपाट एका बाजूला कलतं आणि दार आपोआप उघडतं. चालताना एखादी शहाबादी डुगडुगते. स्कर्टिंग भिंतीला चिकटून जागेवर असतं, पण त्याच्या आणि फरशीच्या मधे फट पडते आणि रोज झाडलं तरी तिथून बारीक माती येत राहते.

यातलं काहीही दिसलं की खचलेल्या जागेचा आकार बघा. निम्मं निदान तिथेच होतं.

बाहेरच्या भिंतीला लागून लांब पट्टा खचला असेल तर छपराचं पाणी जोत्यालगत पडून आत मुरतंय. मोरीपासून बाहेरच्या चेंबरच्या दिशेने पट्टा खचला असेल तर खालचा ड्रेनेजचा पाइप फुटलाय किंवा त्याचा सांधा सुटलाय. दोन-तीन फरश्या वेड्यावाकड्या बसल्यात आणि रात्री खालून खुडबुड ऐकू येते, तर घूस. खोलीच्या मधे फुगवटा येतो, तो पावसाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्यात उतरून कडेला भेगा पडतात, तर भरावात किंवा त्याखाली काळी माती आहे.

आणि खचलेली जागा गोल असेल, चार-पाच फूट व्यासाची, तर पुढचं काही तपासू नका. थेट शेवटचा 'कुठे थांबायचं' हा भाग वाचा.

नव्या विट्रिफाइड टाइल एखाद्या दुपारी फाडकन आवाज करून तंबूसारख्या उभ्या राहतात, तो प्रकार वेगळा. टाइल सांधा न सोडता एकमेकींना आणि भिंतीला भिडवून बसवल्या की उष्णतेने वाढायला जागा राहत नाही. तेवढ्या उभ्या राहिलेल्या काढा, भिंतीलगत फट सोडून पुन्हा बसवा, झालं. त्याचा भरावाशी संबंध नाही.

ठोकून बघा, खडूने खुणा करा

लाकडी दांडक्याने किंवा पान्याच्या मागच्या बाजूने प्रत्येक फरशी चार कोपऱ्यांत आणि मधे ठोका. भरीव आवाज आणि पोकळ आवाज कानाला लगेच कळतो. पोकळ वाजणाऱ्यांवर खडूने फुली मारा. फुल्या मारून झाल्या की खोलीच्या दारात उभं राहून बघा, त्यांचाही एक आकार दिसायला लागतो.

पोकळ वाजते म्हणजे खचली असं मात्र नाही. फरशी पोकळ आहे पण पातळीत आहे, तर फक्त तिच्याखालचा बेडिंगचा, म्हणजे फरशी बसवायला पसरलेला माल सुटलाय. ते काम किरकोळ असतं. तेवढ्या फरश्या उचलून, खालचा सुटा माल खरवडून नव्याने बसवता येतात. पोकळ आणि खालीही गेलेली, असं असेल तरच पुढे जा. अख्खी खोली फोडायला निघालेल्या काही जणांचं काम या पायरीवरच संपलेलं मी पाहिलंय.

नळीने पातळी काढा

दहा मीटर पारदर्शक नळी घ्या. हार्डवेअरच्या दुकानात 'लेव्हलची नळी' म्हटलं की मिळते, शे-दोनशेचं काम आहे. तिच्यात पाणी भरा आणि एकही बुडबुडा राहू देऊ नका. बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं आणि ते खोटं आहे हे कळतही नाही. दाराच्या चौकटीजवळ जमिनीपासून एक मीटरवर खूण करा. एकाने नळीच्या एका टोकातलं पाणी दर वेळी त्या खुणेला लागेल असं धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक घेऊन खोलीभर फिरायचं आणि जिथे पाणी स्थिरावेल तिथे भिंतीवर पेन्सिलने खूण करायची. सगळ्या खुणा आपोआप एका पातळीत येतात. मग प्रत्येक खुणेपासून खाली फरशीपर्यंत टेपने मोजा. खोलीच्या मधल्या मापांसाठी समोरासमोरच्या खुणांमधे दोरी ताणा आणि दोरीपासून खाली मोजा. सगळी मापं मिलिमीटरमध्ये, एका कागदावर खोलीचा नकाशा काढून, तारीख घालून लिहून ठेवा.

मोबाइलमधली लेव्हल एका फरशीपुरती ठीक आहे. खोलीसाठी तिच्यावर विसंबू नका.

या कागदाची खरी किंमत दुसऱ्या मापाला कळते. मे अखेरीला एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा त्याच खुणांवरून मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक मोजण्यातला समजा. पाच-सहाच्या वर फरक आला तर खालची जमीन अजून हलतेय, आणि कारण सापडेपर्यंत तिच्यावर एक रुपयाही खर्च करायचा नाही. फरक शून्य आला तर भराव वर्षानुवर्षांपूर्वीच बसून थांबलेला आहे. अशा फरशीवर मग सेल्फ-लेव्हलिंगचा (ओतला की आपोआप सपाट पसरणारा) थर द्या नाहीतर जुनी काढून नवी बसवा, दोन्ही टिकतं. काही जण हा उंचसखलपणा तसाच ठेवतात. मला त्यात काही गैर वाटत नाही. शंभर वर्षांच्या घराने थोडं वाकायला हरकत नसावी.

दुसऱ्या मापाच्या वेळी नळी लावून भिंतीवरच्या खुणा एकमेकींशीही ताडून बघा. त्या आपसातच पातळीत नसतील तर फरशी नव्हे, भिंत हललेली आहे. तिथे आपलं काम संपलं, इंजिनिअरला बोलवा.

पावसात घराभोवती फिरा

जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराला एक फेरी मारा. कोरड्या दिवशी हे कळत नाही. पन्हळ कुठे फुटलीय, पागोळ्या नेमक्या जोत्याच्या कडेला पडतात का, पाणी भिंतीपासून लांब वाहतंय की भिंतीकडे येतंय, हे डोळ्यांनी बघा. शहरांत आणखी एक भानगड असते. रस्त्यावर वर्षानुवर्षं डांबराचे आणि काँक्रीटचे थर चढत जातात आणि एकेकाळी तीन पायऱ्या चढून जायचं ते घर रस्त्याच्या बरोबरीला येतं, कधी खालीही जातं. मग रस्त्याचं पाणी जोत्याच्या दगडांच्या सांध्यांतून आत शिरतं.

हे का महत्त्वाचं? वाड्यांच्या भरावात आणि भिंतीत बऱ्याचदा पांढरी माती असते. कोरडी असेपर्यंत ती दगडासारखी राहते. पाणी वाहतं राहिलं की तिचे बारीक कण धुऊन जातात आणि फरशीखाली पोकळी तयार होते. फरशी बरेच दिवस त्या पोकळीवर कमानीसारखी तग धरते, आणि मग कोणीतरी फ्रिज सरकवतं.

यावरचा उपाय स्वस्त आहे. पन्हळ दुरुस्त करा, तिचं पाणी पाइपने लांब सोडा, जोत्याभोवती तीन फूट रुंद पट्टा काँक्रीटचा किंवा फरशीचा करा आणि त्याला बाहेरच्या बाजूला दीड इंच उतार द्या. पट्टा आणि भिंत यांमधली फट नीट बुजवा, नाहीतर पाणी तिथूनच आत जातं. नुसत्या एवढ्यावर खचणं थांबलेली घरं पुष्कळ आहेत.

घरातलं पाणी

पाणीपुरवठा ठरावीक वेळेलाच असेल तर मीटर बघून गळती कळत नाही. त्याऐवजी रात्री वरची टाकी भरून घ्या, आत पाण्याच्या पातळीला खूण करा आणि सगळे नळ बंद ठेवा. फ्लशच्या टाकीचा कॉकही बंद करा, नाहीतर चोर तोच निघतो. सकाळी पातळी उतरलेली असेल तर कुठेतरी गळतंय, आणि तळमजल्यावर ओल दिसत नसेल तर ते पाणी भरावात जातंय. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप फरशीखालून गेलेले असतील तर ते गंजून चाळण झालेत असंच धरून चाला. असा पाइप शोधून जोडत बसण्यापेक्षा तो बंद करून भिंतीवरून नवा सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप नेणं परवडतं.

सांडपाण्याची तपासणी थोडी किचकट असते. बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडा, मोरीत रंग कालवलेलं एक बादली पाणी ओता आणि ते चेंबरमध्ये किती येतं ते बघा. रंग लगेच आणि भरपूर आला तर ठीक. रेंगाळत, थोडाच आला तर मधे पाणी मुरतंय. जुन्या घरांत हे पाइप चिनीमातीचे असतात, सांध्यांना सिमेंट लावलेलं असतं, आणि पहिला सुटतो तो मोरीच्या जाळीखालच्या नानी ट्रॅपच्या खालचा सांधा. झाकण उघडल्यावर चेंबरवर ओणवं होऊ नका, आत उतरायचा तर प्रश्नच नाही.

ओल खालून येते की हवेतली आहे असा संभ्रम असेल तर दीड फूट चौकोनी प्लास्टिक फरशीवर चारही कडांनी टेपने चिकटवा आणि एक दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या खाली जमले तर ओल जमिनीतून येतेय, वर जमले तर हवेतून. कोकणात पावसाळ्यात दोन्हीकडे जमतात, तिथे ही तपासणी उन्हाळ्यात करावी.

घूस

वाड्यांमधलं हे दुर्लक्षित कारण आहे. घराच्या बाहेरच्या बाजूला, गटारालगत किंवा जोत्याच्या पायथ्याशी मूठभर रुंदीचं भोक आणि त्यापुढे ताज्या मातीचा ढीग दिसतो का ते बघा. भोकात कागदाचा बोळा कोंबून ठेवा. सकाळी तो बाहेर पडलेला असेल तर बीळ चालू आहे. शनिवार पेठेतल्या एका स्वयंपाकघरात शहाबादी उचलली तेव्हा खाली भराव असा नव्हताच. कोपरापर्यंत हात गेला. आत पिशव्यांच्या चिंध्या, कांद्याची सालं आणि एक चमचा. पलीकडची फरशी हात लावताच आपण होऊन खाली गेली.

विषाच्या वड्या टाकायच्या आधी विचार करा. घूस फरशीखाली मेली तर वासाने पंधरा दिवस घरात राहवत नाही. पिंजरा लावून पकडा. मग बाहेरचं तोंड काचेचे तुकडे घातलेल्या काँक्रीटने बंद करा, गटाराच्या बाजूचे जोत्याचे सांधे भरून घ्या आणि त्यानंतरच आतला भराव हातात घ्या. क्रम उलटा केलात तर नव्या मुरमात ती पुन्हा घर करते.

एक फरशी उचला

इथपर्यंत उत्तर मिळालं नाही, किंवा मिळालंय आणि आता काम करायचंय, तर सर्वांत जास्त खचलेल्या जागेतली एकच फरशी उचला. आधी मेन स्विच बंद करा, जुन्या घरात वायर फरशीखालून गेलेली सापडते. फरशीचे सांधे छिन्नीने मोकळे करा, पहार हलकेच घालून उचला. जुनी शहाबादी एक-दीड इंच जाडीची असते, ती नीट निघाली तर परत वापरता येते आणि आजच्या पातळ फरशीपेक्षा कधीही चांगली.

खाली काय दिसतं ते सावकाश बघा. कोरडा, घट्ट मुरूम आणि वरचा बेडिंगचा थर सुटलेला, तर काम छोटं. काळा चिखल आणि गटाराचा वास, तर ड्रेनेज. विटांचे तुकडे, चुन्याची ढेकळं, लाकडाच्या ढलप्या असा राडारोडा भरलेला असेल तर मधल्या पोकळ्यांमुळे तो बसतच राहणार, आणि लाकडामुळे वाळवीही असेल. मग बारा मिलिमीटरची सळई घेऊन भरावात हाताने दाबा. अर्धा-एक फूट गेल्यावर अडली तर ठीक. विनासायास तीन फूट गेली तर तो भराव नव्हे, पोकळी आहे. फरशी तशीच ठेवा आणि खोलीतली वर्दळ बंद करा.

भराव बदलायचा तर

पाण्याचं कारण दूर झाल्यावरच. खराब भराव काढा, सहसा दीड-दोन फूट पुरतं. त्या जागी मुरूम, सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुमसाने कुटून. सगळा एकदम ओतून वर पाणी सोडून 'बसेल आपोआप' म्हणणारा गवंडी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. तो बसतो खरा, पण फरशी लावल्यावर. काळी माती, घरातून निघालेला राडारोडा आणि पांढरी माती परत आत घालायची नाही.

मुरमावर सहा ते नऊ इंचांचं दगडी सोलिंग, हाताने रचून, मधल्या फटींत मुरूम. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, जोड निदान सहा इंच एकमेकांवर घेऊन, म्हणजे ओल वर चढत नाही. दगडाच्या टोकांनी कागद फाटू नये म्हणून आधी वाळूचा पातळ थर. मग चार इंच पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट, १:४:८ (सिमेंट, वाळू, खडी). त्यावर निदान सात दिवस पाणी मारल्यानंतर इंचभर बेडिंग आणि फरशी. कडेला भिंतीपासून थोडी फट सोडा, स्कर्टिंग ती झाकतं.

खाली काळी माती असेल तर काम दिवाळीनंतर संक्रांतीपर्यंत करा. भर उन्हाळ्यात ती आकसलेली असते, पावसाळ्यात फुगलेली. कुठल्याही टोकाला फरशी बसवली तर सहा महिन्यांत ती दुसरीकडे जाते. अशा जमिनीत ऋतूप्रमाणे ओलीचा फरक साडेतीन मीटर खोलपर्यंत पोहोचतो असं धरतात, तेव्हा वरचे दोन फूट बदलून हालचाल पूर्ण थांबेल अशी आशा ठेवू नका. कमी होईल. बाकीचं काम घराभोवतीचा पट्टा आणि दुरुस्त झालेले पाइप करतात.

तळघर असेल तर वेगळा हिशेब. तिथली जमीन पावसाळ्यात वर येते किंवा तडकते ती बाहेर चढलेल्या पाण्याच्या दाबाने. वरून वॉटरप्रूफिंगचा थर थापला तर पाणी तो थर उचलून टाकतं. कोपऱ्यात खड्डा करून पाणी तिथे गोळा करणं आणि पंपाने काढणं हेच टिकतं. तळघर पाण्याने भरलेलं असेल तर एका दमात उपसू नका. आतलं पाणी बाहेरच्या ओल्या मातीचा दाब तोलून धरत असतं, ते अचानक गेलं तर भिंत आत येते. रोज थोडं थोडं काढा.

कुठे थांबायचं

गोल खड्डा. जुन्या घरांखाली बुजवलेला आड, शोषखड्डा किंवा जमिनीखाली धान्य साठवायचं पेव असतं आणि आताच्या मालकाला त्याचा पत्ता नसतो. वरून फरशी घालून पिढ्या गेलेल्या असतात. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध होती, त्यातली बरीचशी २००५च्या महापुराचं पाणी शिरून गेली. घराखालच्या पेवाचंही तसंच होतं, वर्षानुवर्षं कोरडं टिकलेलं पेव एका ओल्या हंगामात आत कोसळतं. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात सिटी पोस्टाच्या आवारात जमीन खचून महापालिकेचा टँकर अख्खा खड्ड्यात गेला, तिथेही खाली जुनी विहीर असल्याचं सांगितलं गेलं. तेव्हा गोल खड्डा दिसला की खोली रिकामी करा, दार बंद करा. उघडा पडलेला असेल तर आत डोकं घालू नका, काडी पेटवून बघू नका. बंद पेवात आणि शोषखड्ड्यात श्वासाला हवा नसते किंवा विषारी वायू असतो.

वाड्यातल्या लाकडी खांबाच्या तळखड्याजवळ फरशी बसली असेल तर तिथे पहार लावू नका. वरची तुळई आणि अख्खा मजला त्या दगडावर उभा आहे. खांबाच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. त्या खांबाला आधी टेकू लागेल, आणि तो कुठे नि कसा द्यायचा हे ठरवणं गवंड्याचं काम नाही.

भिंतीला खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली असेल, तिच्यात नाणं उभं जात असेल, किंवा फरशी खचायला लागल्यापासून दारं अडकायला लागली असतील, तरी थांबा. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची टिकली लावून तारीख लिहा. टिकली तडकली तर भेग चालू आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, कंत्राटदाराला नको. कंत्राटदार काम बघतो, इंजिनिअर कारण बघतो, आणि त्याची फी फरशीच्या एका खोलीच्या खर्चापेक्षा सहसा कमीच असते. महापालिका हद्दीत तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची तपासणी मालकाने करून घ्यायचीच असते, तेव्हा तीही त्यातच उरकते. भिंतीलगत पायाच्या खोलीपर्यंत खणायची वेळ आली तर तेही त्याच्याच सांगण्यावरून, आणि एका वेळी दोन-तीन फुटांचाच तुकडा.

दुरुस्तीचं कोटेशन हातात आलं की त्यात 'फरशी बदलणे, इतके चौरस फूट' एवढीच ओळ असेल तर परत पाठवा. भराव किती खोल काढणार, मुरूम किती थरांत, सोलिंग आणि पीसीसीची जाडी, प्लास्टिकचा कागद, पाइपचं काम कोणाकडे आणि राडारोडा कोण उचलणार, हे सगळं वेगवेगळ्या ओळींत लिहून मागा. थर कुटताना घरातलं कोणीतरी समोर हवं, आणि प्रत्येक थराचा टेप लावून फोटो काढून ठेवा. फरशी बसली की खालचं काही दिसत नाही.